निळ्या तुऱ्यांची व्हेरोनिका: थंडी सोसते, ओल सोसत नाही

मे-जूनमध्ये न्यू जर्सी, शिकागो किंवा टोरांटोकडच्या नर्सरीत शिरलं की निळ्या-जांभळ्या तुऱ्यांच्या कुंड्या दाराशीच मांडलेल्या असतात. लेबलवर ‘व्हेरोनिका’ किंवा ‘स्पीडवेल’, खाली ‘झोन ३ ते ८, पूर्ण ऊन, हरणं खात नाहीत’. रोप घरी येतं, पहिला उन्हाळा झकास जातो आणि पुढच्या एप्रिलमध्ये त्या जागी काळपट, बोटाने दाबला तर मऊ लागणारा बुंधा उरतो. मग बोल थंडीला लागतो.

थंडी बिचारी निर्दोष असते. झोन म्हणजे हिवाळ्यातल्या नीचांकी तापमानावरून पाडलेला पट्टा, आकडा लहान तितकी थंडी जास्त. झोन ४ म्हणजे कडाक्यात उणे ३४ ते उणे २९ अंश सेल्सिअस, आणि तिथेही व्हेरोनिका बिनतक्रार जगते. तिला मारतं ते नोव्हेंबर ते मार्च मुळांशी साचून राहिलेलं पाणी. थंडीत झाड झोपलेलं असतं, मुळं पाणी ओढत नाहीत, मातीतली हवा संपते आणि कुजवणाऱ्या बुरशीचं फावतं. वसंतात बर्फ वितळताना वरचा थर सैल, खालचा अजून गोठलेला. पाण्याला खाली वाटच नसते. तेवढे दोन-तीन आठवडे पुरतात. त्यामुळे या झाडाबाबत खताआधी, औषधाआधी, जातीच्या निवडीआधीही निचऱ्याचं बघायचं.

हे सगळं थंड देशांत राहणाऱ्या आणि घरामागे हातभर तरी माती असलेल्या मराठी बागवाल्यांसाठी आहे. पुण्या-नाशिककडच्या मंडळींसाठी शेवटी वेगळं लिहिलं आहे, कारण तिथे उत्तरच वेगळं आहे.

झाडाची ओळख अगदी परकी नाही. वनस्पतिशास्त्रातल्या नव्या मांडणीनुसार व्हेरोनिका इसबगोलाच्या कुळात येते. आपली ब्राह्मी याच कुळातली, आणि हिमालयातली कडूजहर कुटकी तर त्यातल्या त्यात जवळची बहीण. फूल जेमतेम अर्ध्या-पाऊण सेंटिमीटरचं, चार पाकळ्यांचं. वरची पाकळी रुंद, खालची अरुंद. पुंकेसर दोनच, पण पाकळ्यांच्या बाहेर डोकावणारे, म्हणून तुरा लांबून जरा केसाळ दिसतो. फुलं तुऱ्याच्या बुडापासून शेंड्याकडे उमलत जातात. एक तुरा दोन-तीन आठवडे बागेत दिसत राहतो तो याच चालीमुळे.

कुठली घ्यायची

‘व्हेरोनिका’ या एका नावाखाली नर्सरीत निदान सहा वेगवेगळ्या स्वभावाची झाडं विकली जातात. लेबलवरचा दुसरा शब्द वाचल्याशिवाय पैसे देऊ नका.

स्पायकाटा ही सगळ्यात जास्त मिळणारी. उंची ३० ते ६० सेंटिमीटर, ताठ टोकदार तुरे, जून ते ऑगस्ट फुलोरा. मूळची युरोप आणि आशियाच्या कोरड्या माळांवरची, चुनखडीच्या पातळ मातीतली. हे लक्षात ठेवलं की तिच्या सगळ्या आवडीनिवडी आपोआप कळतात. ‘रेड फॉक्स’ गुलाबी, ‘आयसिकल’ पांढरी, ‘रॉयल कँडल्स’ बुटकी आणि गच्च निळी. हिचीच एक उपजात इन्काना: पानं राखेसारखी रुपेरी, लवदार. दिसायला फारच देखणी, पण ओलीच्या बाबतीत सगळ्यात नाजूक. पानांवरची लव पाणी धरून ठेवते, त्यामुळे दमट उन्हाळ्यातही ती खालून कुजते. भारी चिकणमाती असेल तर इन्कानाच्या वाटेला जाऊ नये.

लाँगिफोलिया उंच, ६० ते १२० सेंटिमीटर. पानं लांबट, करवतीसारख्या काठाची. ओढ्याकाठच्या कुरणांत वाढणारी असल्याने हिला स्पायकाटापेक्षा जास्त ओल चालते, उलट कोरड पडली की खालची पानं पटकन पिवळी पडतात. उंची मात्र डोकेदुखी. जुलैतल्या एका वादळी सरीत सगळा ठोंब आडवा होतो. त्याचा उपाय पुढे दिला आहे.

पहिल्यांदाच लावणार असाल तर डोळे झाकून ‘सनी बॉर्डर ब्लू’ घ्या. कनेटिकटमधल्या सनी बॉर्डर नर्सरीत तयार झालेला हा संकर. अमेरिकेच्या पेरेनियल प्लांट असोसिएशनने १९९३ साली त्याला वर्षातलं बहुवर्षायू झाड म्हणून निवडलं. ४५ ते ६० सेंटिमीटर उंची, चुरगळल्यासारखी गडद हिरवी पानं, जांभळट निळे तुरे. खुडत राहिलं तर जूनपासून सप्टेंबरपर्यंत काही ना काही फुललेलं असतं. नवी नावं दरवर्षी येतात आणि जातात, ही टिकून आहे.

‘क्रेटर लेक ब्लू’ मे-जूनमध्ये फुलते. निळा रंग हवा तर हाच. गोकर्णाच्या फुलासारखा निर्भेळ निळा, जांभळ्याची छटाही नाही. पण फुलोरा तीन-चार आठवड्यांचा, त्यानंतर झाड मधोमध फाकतं. म्हणून तिच्यापुढे काहीतरी झाकणारं लावावं. जेन्शनॉइडीस फिकट आकाशी, वसंतात फुलते, तिची पानं जमिनीलगत चटईसारखी पसरतात. ‘जॉर्जिया ब्लू’ तर १५ सेंटिमीटरचीच, दगडांच्या कडेने सरपटणारी. नावातला जॉर्जिया हा कॉकेशसमधला देश आहे, अमेरिकेतलं राज्य नव्हे.

तुमच्या बागेत पाणी साचतंच आणि त्यावर काही करणं शक्य नसेल, तर व्हेरोनिकाचा हट्ट सोडून व्हेरोनिकास्ट्रम लावा. ते उत्तर अमेरिकेचंच झाड, दीड मीटरपर्यंत जाणारं, एका पेऱ्यावर चार-पाच पानांचं चक्र आणि वर समईच्या वातींसारखे पांढरे किंवा फिकट जांभळे तुरे. ओलसर जमीन त्याला आवडते.

एक इशारा. हिरवळीत शिरणारी फिलिफॉर्मिस नावाची बारीक पानांची व्हेरोनिका कुणी ‘छान पसरते’ म्हणून दिली तर नको म्हणा. कॉकेशसकडून शोभेचं झाड म्हणून ब्रिटनमध्ये आलेली ही वेल आज तिथल्या हिरवळींतलं चिवट तण आहे. गवत कापायच्या यंत्राने तिचे तुकडे होतात आणि प्रत्येक तुकडा मूळ धरतो.

जागा आणि जमीन

ऊन रोज किमान सहा तास. चार तासांत झाड मरत नाही, पण तुरे उजेडाकडे वाकतात आणि पानांवर भुरी, म्हणजे पिठासारखी पांढरी बुरशी, लवकर येते. मातीचा पीएच ६ ते ७.५ मध्ये कुठेही चालतो, त्यासाठी चुना-गंधकाच्या मागे लागण्याची गरज नाही.

निचरा मात्र मोजून बघा. जिथे लावायचं तिथे ३० सेंटिमीटर खोल आणि तेवढाच रुंद खड्डा घ्या. पाण्याने भरा, पूर्ण जिरू द्या, पुन्हा भरा. दुसऱ्यांदा भरलेल्या पाण्यात एक काठी उभी करून तासाभरात पातळी किती उतरली ते पहा. अडीच सेंटिमीटर किंवा जास्त उतरली तर जागा ठीक. त्याहून कमी म्हणजे हिवाळ्यात तिथे पाणी थांबणार.

अशा जागी सगळ्यात सर्रास होणारी चूक म्हणजे चिकणमातीत खड्डा खणून तो कंपोस्ट आणि पॉटिंग मिक्सने भरणं. वरून माती भुसभुशीत लागते, पण खाली तो खड्डा म्हणजे चिकणमातीचा हौद. आजूबाजूचं पाणी त्या सैल मातीत उतरतं आणि बाहेर जात नाही. दुसरी चूक दोन-चार पोती वाळू मिसळणं. थोडीशी वाळू चिकणमातीला मोकळी करत नाही, उलट विटेसारखी घट्ट करते. खड्ड्याच्या तळाशी खडी घालण्याचाही उपयोग नाही. पाणी बारीक मातीतून जाड खडीत सहज उतरत नाही, ते मातीच्या खालच्या थरातच लटकून राहतं, म्हणजे मुळांच्या आणखी जवळ.

उपाय आपल्याकडे हळदी-आल्याला करतात तोच: गादीवाफा. जमिनीपासून १५ ते २० सेंटिमीटर उंच, मीटरभर रुंद. तिथलीच माती दोन भाग, कुजलेलं कंपोस्ट एक भाग, आणि मिळाली तर ५-६ मिलिमीटरची धारदार खडी अर्धा भाग. खालची मूळ जमीन आधी कुदळीने हातभर फोडून घ्या आणि दोन्ही थर सांध्यावर मिसळा, नाहीतर पुन्हा तोच हौद. घराच्या छपराचं पाणी पन्हळीतून जिथे पडतं त्या बाजूला वाफा नको.

लावणी

वसंतात जमीन हाताला भुसभुशीत लागायला लागली की, किंवा सप्टेंबरमध्ये. शरदात लावायचं तर जमीन गोठायच्या निदान सहा आठवडे आधी. ऑक्टोबरअखेर सेलमध्ये मिळालेली रोपं मुळं धरायच्या आतच थंडीत सापडतात. ती घेतलीच तर कुंडीसकट न तापवलेल्या गॅरेजमध्ये ठेवून एप्रिलमध्ये लावा.

रोप कुंडीसकट पंधरा मिनिटं पाण्यात बुडवा. बाहेर काढल्यावर मुळांचा गोल विणलेला गठ्ठा दिसला तर तो बोटांनी सोडवा, फारच घट्ट असेल तर सुरीने चार बाजूंनी उभ्या चिरा द्या. बुंधा, म्हणजे जिथून मुळं खाली आणि फुटवे वर जातात ती जागा, आजूबाजूच्या मातीच्या बरोबरीने. भारी जमिनीत एक सेंटिमीटर वर. खोल गाडलेली व्हेरोनिका हमखास कुजते. दोन रोपांत ३० ते ४० सेंटिमीटर, लाँगिफोलियाला ५०. लहान रोपं पाहून हात शिवशिवतात, पण दाटी केली तर तिसऱ्या वर्षी भुरीला आयतं आमंत्रण.

लावताना फुलावर असलेले तुरे कापून टाका. जिवावर येतं, मान्य, पण मुळं धरायच्या वेळी झाड फुलं पोसत बसलं तर दोन्ही अर्धवट राहतं.

पहिल्या उन्हाळ्यात आठवड्याला अडीच सेंटिमीटर पाणी, पाऊस धरून. चौरस मीटरला हे २५ लिटर होतं, म्हणजे ४० सेंटिमीटरवर लावलेल्या एका रोपाला साधारण ४ लिटर. एकदाच, सावकाश, बुंध्याच्या भोवती, पानांवर नाही. दुसऱ्या वर्षापासून स्पायकाटाला लांब उघडीप पडली तरच पाणी द्यायचं.

खताबाबत हात आखडता ठेवा. एप्रिलमध्ये रोपाभोवती दोन सेंटिमीटर कंपोस्ट, बस. नत्र जास्त झालं की पानं मोठी, दांडे लुसलुशीत आणि तुरे जमिनीवर. कित्येकदा हे नत्र आपण घातलेलंच नसतं, शेजारच्या हिरवळीवर फेकलेल्या खताचे दाणे वाफ्यात येतात. त्यात रुंद पानांची तणं मारणारं औषध मिसळलेलं असेल तर व्हेरोनिकाही रुंद पानांचीच आहे, हे विसरू नका.

कात्री

याच एका कामावर चार आठवड्यांचा फुलोरा बारा आठवड्यांवर जातो, आणि याचाच कंटाळा केला जातो.

तुरा बुडाकडून तपकिरी होत जातो. दोन-तृतीयांश वाळला की तो कापायचा, पण कुठे? तुऱ्याच्या लगेच खाली नाही. दांड्यावरून बोट खाली आणा. पानांच्या बेचक्यात दोन बारीक फुटवे दिसतील, त्यांच्या अर्धा सेंटिमीटर वर. हे फुटवे पंधरा-वीस दिवसांत फुलतात, तुरे मूळ तुऱ्यापेक्षा आखूड असतात. तेही संपले की मग एक-एक खुडत बसू नका. बुडाशी ताजी पानं दिसतात तिथपर्यंत, म्हणजे जमिनीपासून ८ ते १० सेंटिमीटर ठेवून सगळा ठोंब एकदम कापा आणि भरपूर पाणी द्या. आठवडाभर ते भुंडं दिसतं. चार ते सहा आठवड्यांत पुन्हा तुरे येतात.

गणपतीला घरची फुलं हवी असतील तर गणित इथूनच सुरू होतं. चतुर्थी ऑगस्टअखेर ते सप्टेंबरच्या मध्यात कधीही येते. त्या तारखेच्या सहा आठवडे आधी ही मोठी छाटणी करा. त्यावेळी झाडावर थोडी फुलं असली तरी दया दाखवू नका. हारासाठी मात्र ही फुलं निरुपयोगी. तोडल्यावर बारीक पाकळ्या दिवसभरात गळतात. तुरा दांड्यासकट फुलदाणीत किंवा मखराच्या कडेला, तोही देठाशी पाण्याची नळी लावून. दूर्वांसोबत निळा रंग खुलतो.

फुलदाणीसाठी तुरा खालून एक-तृतीयांश उमलला की सकाळी कापायचा. पाण्यात बुडणारी पानं काढा, एक दिवसाआड पाणी बदला. आणि फळांच्या परडीशेजारी ठेवू नका. पिकणाऱ्या केळ्यांतून इथिलीन वायू निघतो आणि व्हेरोनिकाची फुलं त्याने झडतात.

वसंतात फुलणाऱ्या ‘क्रेटर लेक ब्लू’ आणि जेन्शनॉइडीसकडून दुसऱ्या बहराची आशा नको. त्यांना फुलोऱ्यानंतर कापायचं ते फक्त फाकलेलं झाड सावरण्यासाठी.

लाँगिफोलियाच्या उंचीचा उपाय म्हणजे मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात, कळ्या दिसायच्या आत, सगळे दांडे वरून एक-तृतीयांश कापणं. फुलोरा दोन-तीन आठवडे लांबतो, पण झाड बुटकं, फांद्यांचं आणि आपल्या पायावर उभं राहतं. ठोंबातले पुढचे अर्धेच दांडे कापले तर मागचे आधी आणि पुढचे नंतर फुलतात, तेही बरं दिसतं. स्पायकाटाला हा प्रयोग करू नका. तिची शान मधल्या लांब तुऱ्यात असते, तोच हातचा जातो.

ठोंब फोडणं

तिसऱ्या-चौथ्या वर्षी मधला भाग लाकडासारखा होतो, फुलं फक्त कडेने येतात. वडीच्या थाळीतली मधली वडी उचलावी तसं दिसतं. एप्रिलमध्ये फुटवे ५ ते ८ सेंटिमीटरचे झाले की ठोंब फावड्याने मुळांसकट उचला, माती झटका आणि कडेचे ताजे भाग सुरीने वेगळे करा. प्रत्येक तुकड्यात तीन ते पाच फुटवे आणि पांढरी मुळं हवीत. मधला लाकडी भाग टाकून द्या, तो वाचवण्यात अर्थ नाही. तुकडे अर्ध्या तासात पुन्हा जमिनीत गेले पाहिजेत. उन्हात पडलेली बारीक मुळं फार लवकर वाळतात. एका ठोंबातून पाच-सहा रोपं सहज होतात.

फाटे कलमानेही रोपं होतात. मे महिन्यात बुडाकडचे, कळी नसलेले ७ ते १० सेंटिमीटरचे फुटवे पेऱ्याखाली कापा, खालची पानं काढा, अर्धं परलाइट (हलके पांढरे खडे) आणि अर्धा कोकोपीट भरलेल्या कुंडीत खोचा. वर पारदर्शक पिशवी, जागा उजेडाची पण थेट उन्हाची नाही. दोन-तीन आठवड्यांत मुळं येतात. पिशवीला आतून पाण्याचे ओघळ दिसले तर रोज थोडा वेळ उघडा, नाहीतर फुटवे काळे पडतात.

बी हा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात बेभरवशाचा मार्ग. ‘सनी बॉर्डर ब्लू’सारख्या नावाच्या जाती बियांतून तशाच येत नाहीत. साध्या स्पायकाटाचं बी वसंतातल्या शेवटच्या गोठवणाऱ्या रात्रीच्या आठ-दहा आठवडे आधी घरात पेरा. बी राईपेक्षाही कितीतरी बारीक; त्याला रुजायला उजेड लागतो, म्हणून वर माती टाकायची नाही, नुसतं हाताने दाबायचं आणि खालून पाणी द्यायचं. १८ ते २१ अंशांना दोन ते तीन आठवड्यांत उगवतं. फुलं बहुधा दुसऱ्या वर्षी.

काय बिघडतं

भुरी ऑगस्टमध्ये येते, दिवस गरम आणि रात्री गार होऊ लागल्या की. पानांवर पिठासारखी पांढरी भुकटी. पुष्कळांना वाटतं पाणी जास्त झालं. खरं तर मुळांशी कोरड आणि ठोंबात कोंडलेली हवा हीच तिची आवडती जोडी. मोठी छाटणी करून झाडाला खोल पाणी दिलं की नवी पानं बहुधा स्वच्छ येतात. दरवर्षीच येत असेल तर जूनपासून आठवड्याला एकदा, सकाळी, एक भाग दूध आणि नऊ भाग पाणी फवारा. हे प्रतिबंध म्हणून चालतं, पसरलेल्या भुरीला नाही. गंधकाची फवारणी ३० अंशांवरच्या तापमानात केली तर पानं करपतात.

भुरी आणि केवडा यांत गल्लत नको. केवड्यात पानाच्या वरच्या बाजूला फिकट पिवळे डाग आणि खालच्या बाजूला राखाडी-जांभळट लव असते, आणि तो गार, ओल्या वसंतात येतो. त्यावर घरगुती औषध नाही. रोप उपटून कचऱ्यात टाका, कंपोस्टमध्ये नको.

खालच्या पानांवर तपकिरी ठिपके पडून ते वर सरकत असतील तर कारण पानांवर उडणारं पाणी. तुषार सिंचन बंद करून ठिबक नळी टाका, बुडाची डागाळलेली पानं काढा.

नॉर्थ कॅरोलायना, जॉर्जियाकडच्या दमट उकाड्यात आणखी एक शत्रू भेटतो. हिरवंगार झाड दोन दिवसांत माना टाकतं. बुंध्याशी पांढरे धागे आणि मोहरीएवढे तपकिरी दाणे दिसतात. भुईमुगाची खोडकूज ज्यांनी पाहिली आहे त्यांना ही बुरशी ओळखीची वाटेल, तीच आहे. झाड आणि भोवतालची १५-२० सेंटिमीटर खोल माती काढून फेका. त्या जागी पुन्हा व्हेरोनिका लावू नका.

लाल कोळी कोरड्या उन्हाळ्यात येतो. पानं धुरकट, बारीक ठिपक्यांची दिसली की पांढरा कागद खाली धरून फांदी झटका. ठिपके चालू लागले तर कोळीच. पानांच्या खालच्या बाजूला पाण्याचा जोरदार फवारा तीन दिवसांच्या अंतराने तीनदा. हरणं या झाडाला सहसा तोंड लावत नाहीत, हे लेबलवरचं खरं आहे. ससे मात्र वसंतातले कोवळे फुटवे कुरतडतात, त्याबद्दल लेबल गप्प असतं. पहिले सहा आठवडे ६० सेंटिमीटर उंच जाळी लावा.

हिवाळा

भुरी आलेली झाडं शरदात जमिनीलगत कापून काढा. निरोगी झाडांचे दांडे १०-१५ सेंटिमीटर ठेवले तर बर्फ अडतो आणि बुंधा झाकला जातो. रुपेरी इन्काना मात्र वसंतापर्यंत तशीच ठेवा.

लाकडाच्या ढलप्यांचं जाड आच्छादन बुंध्यावर चढवणं म्हणजे कुजायची सोय करून देणं. बुंध्याभोवती चार बोटं जागा मोकळी, किंवा तिथे नुसती खडी. नव्या रोपांना धोका वेगळाच असतो: दिवसा वितळणं, रात्री गोठणं या खेळात जमीन फुगते आणि रोप मुळांसकट वर उचललं जातं. जमीन गोठल्यानंतर, आधी नाही, पाइनच्या फांद्या किंवा सुया हलक्या हाताने पसरा. फेब्रुवारी-मार्चमध्ये एक चक्कर मारा. वर आलेली रोपं तळहाताने पुन्हा दाबून बसवा.

कुंडीत मुळांना चारी बाजूंनी थंडी लागते, म्हणून कुंडीतलं झाड आपल्या भागापेक्षा दोन झोन जास्त थंडी सोसणारं असावं. कुंडी निदान ३० सेंटिमीटरची, खाली भोकं आणि बशी काढून टाकलेली. डिसेंबरपासून गॅरेजमध्ये, महिन्यातून एकदा पेलाभर पाणी.

पुण्या-मुंबईत?

नाही जमत, आणि त्यात बागवाल्याचा दोष नाही. या झाडांना नीट फुलण्यासाठी काही आठवड्यांची खरी थंडी लागते. पुण्याच्या डिसेंबरमधल्या दहा-बारा अंशांच्या रात्री आणि तिशीच्या घरातल्या दुपारी तिला पुरत नाहीत. त्यावर चार महिन्यांचा पावसाळा, म्हणजे उबदार ओल. हिवाळ्यातली ओल जे काम महिन्यांत करते ते इथे पंधरवड्यात होतं. महाबळेश्वर थंड आहे म्हणून तिथे होईल, असा तर्क काही जण लढवतात. तिथे वर्षाला ५,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, एवढं सांगितलं की पुरे. ऑनलाइन मिळणाऱ्या ‘व्हेरोनिका बियांच्या’ पाकिटांवर पैसे घालवू नका.

तसाच उभा तुरा हवा असेल तर अँजेलोनिया लावा. तीही इसबगोलाच्याच कुळातली, पण उष्ण देशातली. जांभळी, पांढरी, गुलाबी; पूर्ण ऊन, आठ ते दहा इंचांची कुंडी. माती दोन भाग, शेणखत एक भाग, जाड वाळू किंवा विटांचा चुरा एक भाग. तुरे संपत आले की अर्ध्यावर छाटा, तीन-चार आठवड्यांत पुन्हा भरते. मुसळधार पावसात कुंडी छपराखाली घ्या. दिवाळीनंतर ७-८ सेंटिमीटरचे फाटे लावून नवी रोपं करून ठेवा, कारण जुनं झाड दुसऱ्या वर्षी खालून उघडं पडतं. हिवाळ्यापुरता निळा रंग पुरेसा असेल तर ब्ल्यू साल्व्हियाचं बी पावसाचा जोर ओसरल्यावर ट्रेमध्ये पेरा आणि चार-सहा पानांवर आलं की २५ सेंटिमीटर अंतराने वाफ्यात हलवा.